दोघांच्या नावाची पेन्शन

वरकुट्याला माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. मी पंगतीला बसलो होतो. मेहुणा बुंदी वाढत वाढत माझ्यापर्यंत आला, पत्रावळीवर डाव रिकामा केला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजींच्या दुकानात गेलं, की पंपाच्या आधी आमच्या मेंढरांचा आवाज ऐकू येतुया!"

पंगत हसली. मी पत्रावळ तशीच सोडून उठलो. बायको आत बायकांमध्ये होती. तिला निरोप धाडला, ती डोळे पुसत बाहेर आली आणि भर दुपारी आम्ही बारामतीला परत निघालो. त्यानंतर वरकुट्याची वाट मी सोडली. ती जायची, राखीला, भाऊबीजेला. मी तिला गाडीत बसवून द्यायचो आणि तिकडचं कुणी भेटलं तर तोंड फिरवायचो.

तो काय म्हणत होता ते त्या पंगतीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. आमच्या लग्नात सासऱ्यांनी मुलीला दहा मेंढ्या आंदण दिल्या होत्या. आमच्यात तशी रीत होती. आंदणाच्या मेंढ्या लेकीच्या, त्यांची पिल्लंही लेकीची. माझ्याकडे तेव्हा काय होतं? माझ्या गावी कन्हेरीत भावकीत वाटून राहिलेला एक माळाचा तुकडा आणि तापट डोकं. त्या दहा मेंढ्या घेऊन आम्ही दोघं फिरलो. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. दहाच्या चाळीसपर्यंत झाल्या. मग मुलांच्या शाळेसाठी बारामतीत राहायचं ठरलं, तेव्हा मी ती सगळी मेंढरं बावड्याच्या बाजारात विकली आणि पंप, पाइपांच्या धंद्यात पडलो.

आता मेंढरं तिची होती हे मला मान्य आहे. पण लांडग्यामागं धावलं कोण? कोकणातल्या अवकाळी पावसात घोंगडी टाकून उभं राहिलं कोण? हे मेहुण्याला दिसत नव्हतं. त्याला फक्त आकडा दिसत होता, दहा. म्हणून मी कुणालाही, घरातसुद्धा, एकच सांगत आलो. दुकान माझ्या घामाचं आहे.

बायको यावर कधी बोलली नाही. मेंढरं विकली त्या दिवशी मात्र एकदा बोलली होती.

"माझं पैसं धंद्यात घालू नगा. निराळं ठेवा."

"कशाला? धंदा आपलाच हाय न्हवं?"

"व्हय, आपलाच. पर म्हातारपणी मला चहाच्या पुडीला बी तुमच्याकडं हात पसरायला लागंल. तेवढं नगं."

मी हो म्हटलं आणि पैसे धंद्यातच घातले. पुढं दुकान चालायला लागलं, आणि कराचं काम बघणारे वकील म्हणाले, "शेठ, यंदा नफा फार दिसतोय. विम्याची पेन्शन घ्या. त्यात जेवढे घालाल तेवढे उत्पन्नातून वजा, त्यावर कर नाही. म्हातारपणी महिन्याला पैसे येतील." मला तिचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, दोघांच्या नावानं घेऊ. चाळीस मेंढरांची आली होती साधारण तेवढी रक्कम दुकानातून काढली, तेवढीच वर आणखी घातली आणि नवरा-बायकोच्या नावाची पेन्शन घेतली. साठी झाली की सुरू होणार होती. मी गेलो तर तिला मिळत राहणार होती.

सही दोघांची लागणार होती. तिला अंगठ्याची सवय. पण या कागदावर सहीच करायची म्हणून ती हटून बसली. मुलीच्या पाटीवर पंधरवडाभर गिरवत होती. विम्याच्या माणसासमोर तिनं जीभ दातात धरून सही केली आणि विचारलं, "ह्यातलं निम्मं माझं न्हवं?"

"व्हय, व्हय," मी म्हटलं. विम्याचा माणूस घाईत होता, म्हणून म्हटलं असेन. पण म्हटलं.

चार-पाच वर्षं गेली. बारामतीच्या बाहेर कारखाने यायला लागले. जमिनीचे भाव आज एक तर उद्या दुसरे. भिगवण रस्त्याला एक प्लॉट विकायला निघाला. मी मालकाशी तीन दिवस घासाघीस करून भाव खाली आणला होता आणि तो उलटायच्या आत मला पैसे टेकवायचे होते. बँकेचं कर्ज वेळ घेणार होतं. पेन्शनीतली रक्कम मोडता येत होती.

वकील म्हणाले, "शेठ, मोडू नका. घालताना सूट मिळते, ती काढताना परत घेतात. सगळी रक्कम या वर्षाचं उत्पन्न धरतील. दुकानाच्या नफ्यावर ती चढली, की कर कुठल्या कुठं जाईल."

"सगळी कशी? नावं दोन हायत. निम्मी माझ्या उत्पन्नात, निम्मी तिच्या. तिला दुसरं उत्पन्न न्हाय. तिच्या निम्म्यावर कितीसा कर बसंल?"

"नावं दोन असली तरी सूट तुम्ही एकट्यानं घेतलीय."

"तुमी भरा तर खरं. पुढचं पुढं बघू."

मी आयुष्यभर पुढचं पुढं बघूनच धंदा केला होता. समोरचा एक भाव सांगतो, आपण दुसरा सांगायचा, मध्ये कुठंतरी बसतं. सरकारचंही तसंच असणार, असं मला खरंच वाटत होतं.

मोडण्याच्या कागदावरही दोघांची सही हवी होती. ती भाकरी करत होती. मी कागद पुढं धरला. तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले.

"कशाचा हाय?"

"पेन्शनीचा. प्लॉट घ्यायचाय."

ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. वाचता तिला येत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"मंग म्हातारपणी?"

"प्लॉटवर दुकान झालं की रोज पेन्शन! सही कर."

तिनं केली. पहिल्या वेळेपेक्षा सही सुधारली होती, हे मला तेव्हाच दिसलं. तिच्या नावावर दुसरा कुठला कागद नव्हता, म्हणजे मधल्या वर्षांत ती ही सही कुठंतरी गिरवत राहिली होती.

प्लॉट झाला. वकिलांनी माझ्या हट्टापायी निम्मी रक्कम माझ्या उत्पन्नात दाखवली, निम्मी तिच्या. पुढं आयकर खात्याची नोटीस आली. पुण्याला बोलावलं होतं, खुलासा करायला.

त्या वेळी मी एक डाव टाकला. वकिलांना म्हटलं, मी बायकोलाच घेऊन येतो. साहेबासमोर सांगतो की निम्मे पैसे तिच्या आंदणाच्या मेंढरांचे आहेत. समोर बाई बसली असली की साहेब काय खोटं म्हणणार? बायकोला एवढंच सांगितलं, "साहेबानं विचारलं की मेंढरं तुझी का, तर व्हय म्हणायचं."

तिनं इरकल नेसली, नाकात नथ घातली. एसटीनं आम्ही पुण्याला गेलो.

साहेब वयानं लहान होते, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. वकील काहीतरी कलमं सांगायला लागले, तसा मीच पुढं झालो.

"साहेब, खरं सांगतू. ही मेंढरं हिच्या बापानं हिला दिली. माझं त्यात काय न्हवतं. दुकान उभं राहिलं ते हिच्या मेंढरांवर. पेन्शनीत निम्मं पैसं हिचंच. चार गावात इचारा."

हे मी मोठ्या आवाजात, छाती पुढं काढून बोललो. बाजारात माल खपवताना बोलतो तसं. बोलून झाल्यावर बाजूला बघितलं. बायको माझ्याकडं बघत होती. तिची मान थोडी पुढं आली होती, ऐकू कमी येणाऱ्या माणसाची येते तशी.

साहेबांनी तिला विचारलं, "बाई, मेंढ्या तुमच्या होत्या?"

ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "ह्यांनी आत्ता सांगितलं न्हवं, व्हय म्हणून."

"विकल्या कुणी?"

"ह्यांनी."

"पैसे तुमच्या हातात आले होते?"

साहेबांनी जुने कागद उलटले. "आणि पेन्शनची सूट कुणी घेतली? यांनीच. पूर्ण. तुमच्या नावानं एक रुपयाही नाही. शेठ, मेंढ्या तुमच्या मिसेसच्या असतीलही. मी नाही म्हणत नाही. पण कायदा एवढंच विचारतो, की तेव्हा सूट कुणी घेतली. ज्यानं घेतली, त्याचंच उत्पन्न. सगळी रक्कम तुमच्या डोक्यावर."

"साहेब, मग असं करू. पाऊण माझं, पाव हिचं."

साहेब हसले. वकिलांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"अहो, हा बाजार नाही."

"मग तुमीच सांगा किती!"

"सगळी. वर उशिराचं व्याज." त्यांनी फाइल बंद केली. "आणि यातलं तुमच्या मिसेसना किती द्यायचं, तो तुमचा घरचा प्रश्न."

परतीच्या एसटीत गर्दी होती. आम्हाला मधल्या बाकावर जागा मिळाली, ती खिडकीशी, मी कडेला. माझं डोकं तापलेलं होतं. कराचा आकडा मनात फिरत होता, प्लॉटच्या घासाघिशीत मी जेवढं वाचवलं होतं त्यापेक्षा तो जास्त होता. हडपसर मागं पडेपर्यंत मी त्या साहेबाला, वकिलाला, सरकारला मनात शिव्या घालत होतो. मग ती बोलली.

"साहेबाम्होरं बोललात ते खरं, का घरात बोलता ते?"

"कामापुरतं बोलायला लागतं."

"म्हंजी खोटं बोललात?"

"खोटं कुठं... अगं, गप बस. लोक ऐकत्यात."

"मला माझं निम्मं द्या."

"निम्मं? टॅक्स दिसला न्हाय का तुला? त्यात काय उरलं?"

"टॅक्स तुमचा. साहेब म्हणलं न्हवं, सगळं तुमचं. सगळं तुमचं तर टॅक्स बी सगळा तुमचा. माझं माझ्या मेंढरांचं द्या."

पुढच्या बाकावरचा टोपीवाला म्हातारा वळून बघायला लागला. मी आवाज दाबला. "पैसं प्लॉटात गेलं. कुठनं काढू?"

"पैसं नकोत. पैशाला टॅक्स लागतूया. मेंढरं द्या. दादाच्या कळपात सोडीन, अर्धलीनं. निम्मी पिल्लं त्याची, निम्मी माझी."

दादा म्हणजे तोच, बुंदीवाला. माझा आवाज चढला. "त्या वाढप्याच्या दारात मी मेंढरं नेऊन बांधू? त्यो गावभर..."

"अवं पाव्हनं," टोपीवाला म्हणाला, "बाईमाणसावर वरडू नगा. काय मेंढरांचं हाय का?"

"तुमी म्होरं बघा, तात्या."

"म्होरं बघून मान दुखाय लागली. म्हनून मागं बघतुया."

आजूबाजूचे हसले. तिनं पदर पुढं ओढला, आपला उजवा हात त्याखाली घातला आणि माझ्याकडं केला.

आमच्याकडं बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. तिचा बाप यात वस्ताद होता. लहानपणी ती त्याच्याबरोबर बाजाराला जायची, हे मला माहीत होतं. पण एवढ्या वर्षांत तिनं माझ्यापुढं कधी असा हात केला नव्हता.

मी हात पदराखाली घातला. तिनं माझा पंजा धरला, सोडला, परत धरला.

दहा.

चाळीस नाही, वीस नाही. बापानं दिल्या होत्या तेवढ्याच. पिल्लं, लोकर, कोकणातल्या वाटा, सगळं तिनं सोडून दिलं होतं. मला हे कळलं. त्याच क्षणी कळलं, पुढं विचार करून नाही. आणि तरीही माझ्या हातानं तिचा पंजा धरला, सोडला, आणि एक बोट दाबलं.

सहा.

मी तसं ठरवलं नव्हतं. समोरच्यानं पहिला आकडा सांगितला की माझा हात खालचाच आकडा सांगतो. तो आकडा आधीच किती खाली आहे हे हाताला दिसत नाही.

तिनं खिडकीबाहेर बघितलं. उसाचे ट्रक उलट्या बाजूनं चालले होते. मग पंजा आणि तीन बोटं. आठ. माझ्या हातानं पंजा आणि दोन बोटं दाबली, आणि तिनं हात तसाच माझ्या हातात सैल सोडून दिला. बाजारात हात असा सैल पडला की सौदा झाला. मग त्यावर कुणी बोलत नाही.

"जमलं का?" टोपीवाल्यानं विचारलं.

"जमलं," ती म्हणाली.

पाटसला गाडी थांबली. मी खाली उतरून तिच्यासाठी चहा आणला. तिनं घेतला नाही. चहा मीही प्यायलो नाही, कप तसाच टपरीवर परत ठेवला.

त्याच महिन्यात बावड्याच्या बाजारातून मी सात मेंढ्या घेतल्या. गाभण, दातांनी चांगल्या, पारखून. दहा घ्याव्यात असं तिथं उभ्या उभ्या मनात आलं होतं, खिशात तेवढे होतेही. पण मी स्वतःला म्हटलं, सौदा सातचा झालाय. शब्द तो शब्द. मी माझ्या सोयीचे शब्द नेहमीच पाळत आलो.

टेम्पोत घालून आम्ही वरकुट्याला गेलो. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्या दारात उभा होतो. मेहुण्यानं मेंढ्या उतरवून घेतल्या, एकेकीचं तोंड उघडून दात बघितले. मी त्याच्या टोमण्याची वाट बघत होतो. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार.

"जनावरं चांगली हायती, दाजी," तो म्हणाला. मग बहिणीकडं बघितलं. "सातच?"

"मी सातच मागितली," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि आत चहा सांगायला गेला. माझं धारदार उत्तर तोंडातच राहिलं. एवढी वर्षं जपलेला राग मी तिथं आणला होता आणि त्याला बसायला जागाच मिळाली नाही. चहा गोड होता.

पुढच्या वर्षी मी तीन मेंढ्या विकत घेतल्या. कुणाला न सांगता घेतल्या आणि भिगवण रस्त्याच्या नव्या दुकानामागं आणून बांधल्या. आमचं राहणंही तेव्हा तिथंच, मागच्या दोन खोल्यांत होतं. बायको भांडी घासत होती. तिनं वर बघितलं.

"ही कशाची?"

तुझीच आहेत. राहिलेली. एवढंच म्हणायचं होतं. साहेबासमोर याच्या दसपट बोललो होतो, न अडखळता.

"स्वस्तात मिळाली," मी म्हटलं.

"मंग इका म्हाग करून," ती म्हणाली आणि भांड्यांकडं वळली.

तीन दिवस मेंढ्या तिथंच राहिल्या. तिनं त्यांना पाणी पाजलं, पाला टाकला, पण माझ्याशी त्यांच्याबद्दल बोलली नाही. आणि मेंढ्या ओरडत होत्या. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं, मी पंपाचे गुण सांगत असायचो आणि मागून आवाज यायचा. पंपाच्या आधी.

तिसऱ्या दिवशी इंदापूरकडचा एक शेतकरी पंप बघायला आला. आवाज ऐकून हसायला लागला. "शेठ, पंप इकता का मेंढरं? कुणाची ही?"

मागच्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली तिचे पाय दिसत होते. पाय हलले नाहीत.

"मंडळींची हायत," मी म्हटलं. थोडं थांबून आणखी म्हटलं, "दुकान बी त्यांच्याच मेंढरांवर हाय."

गिऱ्हाईकाला वाटलं मी चेष्टा करतोय. तो आणखी हसला. पंपाच्या भावात त्यानं मला चांगलंच पिळलं, आणि त्या दिवशी मी फार ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेम्पोवाल्याला बोलावलं आणि तिन्ही मेंढ्या घेऊन ती एकटीच वरकुट्याला गेली. मला बरोबर बोलावलं नाही. जाताना विचारलं, "टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं?"

"मी देतू."

"नगं," ती म्हणाली, आणि कनवटीची गाठ सोडून तिनं स्वतः दिलं. पहिल्या वर्षीच्या दोन पिल्लांचे पैसे होते ते. मेंढ्या आणल्या तेव्हाच मी त्या टेम्पोवाल्याला वरकुट्याचा भाव विचारून ठेवला होता, तिला त्यानं वीस रुपये जास्त लावले. तिनं घासाघीस केली नाही.